नकाशापूर्वीं आंकडा

घर बांधावयाचें मनांत आलें कीं आमचे शेतकरी बंधू आधीं नकाशा काढवितात आणि मग पैशाची जुळवाजुळव करूं लागतात. हा क्रम उलटा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. ओटी, माजघर व गच्ची एकदां कागदावर उमटली म्हणजे घरांतील मंडळींचें मन त्यांवर बसतें. पुढें एक खोली कमी करा म्हणावयास कोणी धजत नाहीं, आणि अखेर पुढील हंगामाच्या बीं-खताचा पैसा भिंतींत जातो.

म्हणून प्रथम हातची शिल्लक मोजावी. तींतून एका हंगामाचें बीं, खत, मजुरी आणि सोसायटीचा हप्ता वजा करावा. उभ्या पिकाची किंमत जमेस धरूं नये. उरेल त्याचा दहावा हिस्सा अडीअडचणीसाठीं बाजूस काढावा. बाकी राहील तेंच घराचें भांडवल. हा आंकडा इंजिनियरास पहिल्याच भेटींत सांगावा. सांगितला तर तो सारा खर्च करवील, ही भीति पुष्कळांस असते; पण न सांगितल्यास तो अंदाजानें रेघा ओढतो, आणि तें अधिक महाग पडतें.

ठेकेदार चौरस फुटाचा दर सांगून मोकळा होतो. तो दर कोणत्या मापाचा, हें विचारावें. बाहेरून २५ फूट लांब व २४ फूट रुंद, म्हणजे ६०० चौरस फुटांचें घर घेतलें, तर बाहेरच्या नऊ इंची भिंती वजा जातां आंत सुमारें ५२९ चौरस फूटच उरतात. शिवाय पाया किती खोल धरला आहे? काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तींत पाया खालच्या मुरुमापर्यंत न्यावा लागतो. मुरूम चार फुटांवर आहे कीं दहा, हें खड्डा खणल्यावांचून कळत नाहीं. तो खड्डा नकाशाच्या आधीं घ्यावा. त्याची मजुरी नकाशा बदलण्याच्या खर्चापुढें कांहींच नव्हे.

जुन्या घराची डागडुजी असेल तर राखीव रक्कम याहून मोठी हवी, कारण गिलाव्यामागें काय आहे तें तो काढल्यावरच दिसतें. जुनें सागवान जमेस धरावें, पण सुतारानें वाळवी पाहिल्यानंतर. काम चालेल तोंवर माणसें, गुरें व धान्य कोठें ठेवावयाचें, हाही खर्चच आहे.

सरकारी साह्यावर विसंबणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेंत (ग्रामीण) सपाट प्रदेशांतील घरास १,२०,००० रुपये ठरले, पण ते एकरकमी नव्हेत, कामाच्या टप्प्यांप्रमाणें. गवंड्याची मजुरी मात्र दर बाजारच्या दिवशीं द्यावी लागते.