लाळ-खुरकुताची वंशावळ

लाळ-खुरकुताचा विषाणु म्हणजे आर. एन. ए. नामक द्रव्यांत चार अक्षरांनीं लिहिलेला, सुमारें ८,४०० अक्षरांचा लेख होय. विषाणु वाढतांना या लेखाच्या नकला होतात व त्यांत चुका राहतात. दप्तरांतील नकलेप्रमाणें जुन्या चुका पुढें उतरतात व नव्यांची भर पडते. निरनिराळ्या जनावरांतील लेख संगणकावर ताडून या चुका मोजल्या म्हणजे विषाणूची वंशावळ लागते.

इंग्लंडांतील सरे परगण्यांत २००७ च्या ऑगस्टांत सांथ आली व सप्टेंबरांत पुन्हां उद्भवली. ताडणीवरून दुसरी सांथ पहिलीचीच संतति ठरली. मध्यंतरीं रोग कोठें तरी नकळत टिकला होता. म्हणून आम्ही शेतकरी बंधूंस सुचवितों कीं, आजारी जनावर लपवूं नये. पशुवैद्यास त्वरित वर्दी देऊन नमुना घेऊं द्यावा.