चवळीचे राखणदार

या रे पोरांनो, माती तापायच्या आत वेलांपाशी जाऊ. पांझरेच्या या काठाला, आपल्या देवपुरात, मे महिन्यात सकाळी नऊलाच पाय पोळतात.

ही फिकी जांभळी फुलं आत्ताच बघून घ्या, दुपारपर्यंत मिटतील. मधमाशी नाही आली तरी यांचं अडत नाही. पाकळ्या उघडायच्या आधीच पराग आतल्या आत कुक्षीवर पडलेला असतो. म्हणून तर माझ्या आजीचा हा तांबडा वाण अजून तांबडाच निघतो.

फुलाच्या दांड्यावर कोण फिरतंय? मुंग्या. झटकू नकोस बेटा! दोन फुलांच्या मध्ये बारीक फुगवटे दिसतात ना, त्यांतून गोड रस पाझरतो. फुलातला मध वेगळा, हा वेगळा. हा मुंग्यांसाठीच. रस चाटायला आलेली मुंगी शेंग पोखरणाऱ्या अळीला चावते, हुसकावते. चवळीला जागचं हलता येत नाही, तर तिनं मजुरी देऊन राखणदार ठेवलेत.

आता या कोवळ्या शेंड्याकडे बघा. काळा मावा. तो वेलाचा रस शोषतो आणि गोड थेंब टाकतो. मुंगीला तेही आवडतं, मग ती माव्याचीही राखण करते! इतकी वर्षं बघतोय, तरी नवल सरत नाही. मावा मी बोटांनी पुसून काढतो, मुंग्यांना राहू देतो.

दुपारी खिडकीतून बघा. पाणी कमी पडलं की पानं उभी वळतात, उन्हाकडे नुसती कड करतात. ताप कमी लागतो, ओल कमी उडते. मुळांवरच्या गाठी कापल्या तर आत गुलाबी दिसतात. तिथले जिवाणू हवेतला नत्र धरून वेलाला देतात. या झाडाचं मूळ घर आफ्रिका, तेव्हा ऊन त्याला नवं नाही.

रात्री मात्र फार तापल्या की पुष्कळ वाणांचा पराग कळीतच बिघडतो. मग फुलं येतात नि गळून जातात. सध्या तेच चाललंय. पाऊस पडून रात्री निवल्या की शेंगा धरतील.

आधीच्या बहराच्या या वाळक्या शेंगा आजच तोडा. भुंगेरा शेतातच शेंगेवर अंडी घालतो आणि त्याची अळी दाण्यात शिरते. दाणे कडक वाळवू, चाळलेल्या राखेत मिसळू आणि मडक्याचं तोंड घट्ट बांधू.