संगणकाचा प्रोसेसर व मदरबोर्ड: पारख आणि निवड

लग्नसराई ओसरली कीं नांदेड व लातूर या शहरांतील चित्रीकरण-व्यावसायिकांच्या घरीं खरा उद्योग सुरू होतो. हळदीपासून वरातीपर्यंतचें सारें चित्रण कॅमेऱ्यांतील इवल्याशा कार्डांत साठविलेलें असतें. तें कापून, जोडून व रंग साधून वधूपक्षाच्या हातीं द्यावयाचें असतें. त्याच घरांत बहुधा एखादा मुलगा असतो व शिकवणीच्या वर्गांतून परतल्यावर त्यास संगणकावरील खेळ खेळावयाचा असतो. एकाच यंत्रावर बापाचें काम व मुलाचा खेळ दोन्ही व्हावींत अशा हेतूनें ७०-८० हजार रुपये बाजूस काढले जातात. हे पैसे दोन हंगामांच्या मिळकतींतून मोठ्या कष्टानें शिल्लक पडलेले असतात, आणि दुकानांत ते एका तासांत संपतात. निवड चुकली तर ती चूक पुढें पांच वर्षें रोज सोसावी लागते.

प्रोसेसर म्हणजे संगणकांतील आकडेमोड करणारी चकती, आणि मदरबोर्ड म्हणजे जिच्यावर ती चकती, स्मृति व इतर भाग बसवून एकमेकांशीं जोडतात ती मोठी पाटी. कोणी पंडित तिला ‘मातृफलक’ म्हणूं पाहील. परंतु नांदेडच्या दुकानांत त्या नांवानें ती मागणारास रिकाम्या हातानें परतावें लागेल. इंटेल कंपनीनें १९७१ सालीं विक्रीस आणलेल्या ‘४००४’ या पहिल्या प्रोसेसरांत सुमारें २३०० ट्रँझिस्टर होते. आजच्या प्रोसेसरांत ते अब्जावधि असतात. घरगुती संगणकांच्या बाजारांत इंटेल व एएमडी याच दोन कंपन्यांचा सामना चालतो. या सामन्यांत पुण्यास जन्मलेल्या एका अभियंत्याचा दोन्ही बाजूंस हात लागलेला आहे. विनोद धाम यांनीं इंटेलमध्यें असतांना १९९३ च्या पेंटियमच्या निर्मितींत पुढाकार घेतला, आणि पुढें एएमडीच्या ‘के-६’ या प्रोसेसरासहि त्यांचेंच मार्गदर्शन लाभलें. तेव्हां अमुक कंपनी चांगली व तमुक वाईट, असा कुळाभिमान धरण्यांत फारसें तथ्य नाहीं. काम कोणतें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

खेळाचें काम घाईचें असतें. पडद्यावर सेकंदास ६० चित्रें उमटावयाचीं असतील तर एका चित्राच्या वांट्यास १६.७ मिलिसेकंद येतात. १४४ चित्रें हवीं असल्यास सातांहूनहि कमी. तेवढ्या अवधींत कोण कोठें धांवला, गोळी कोणास लागली, भिंत कोठें कोसळली, याचा हिशेब प्रोसेसर करतो व चित्र रंगविण्याचें काम ग्राफिक्स कार्डाकडे सोंपवितो. या हिशेबांतील बरीच पायरी मागील पायरीवर अवलंबून असल्यामुळें तो पुष्कळ जणांत वांटून देतां येत नाहीं. म्हणून खेळास फार गाभे लागत नाहींत. सहा किंवा आठ पुरतात, मात्र ते चपळ हवेत, आणि लागणारी माहिती त्यांच्या अगदीं हाताशीं हवी. एएमडीच्या ‘रायझन ७ ७८००एक्स३डी’ या २०२३ सालच्या प्रोसेसराची कीर्ति याचमुळें झाली. त्यांत गाभे आठच, पण जवळच्या वेगवान स्मृतीचा एक थर दुसऱ्यावर रचून ती ९६ मेगाबाइटपर्यंत वाढविलेली आहे. अर्थात् पडदा फोर-के प्रतीचा असल्यास सारा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो, आणि महाग व स्वस्त प्रोसेसरांतील अंतर जवळजवळ नाहींसें होतें.

चित्रण-संकलनाची गोष्ट वेगळी. अखेरची फिल्म तयार होतांना हजारों चित्रांचें काम अनेक गाभ्यांत वांटतां येतें, म्हणून तेथें बारा-सोळा गाभ्यांचा लाभ दिसतो. दुकानदार हेंच सांगतो, व तें खरेंहि आहे. परंतु संकलकाचा दिवस फिल्म तयार होण्याची वाट पाहण्यांत जात नसून चित्रण मागें-पुढें फिरवून पाहण्यांत जातो, आणि यंत्र अडखळतें तें तेथेंच. आजचे कॅमेरे जागा वांचविण्याकरितां प्रत्येक चित्र पूर्ण न साठवितां मागील चित्राहून काय बदललें एवढेंच बहुशः नोंदवितात. त्यामुळें मधलेंच एक चित्र पाहावयाचें झाल्यास त्याच्या आधींचीं कित्येक उलगडावीं लागतात. त्यांतहि एच.२६५ या पद्धतीचें, दहा बिटांचें व ४:२:२ रंगनोंदीचें चित्रण उलगडणें विशेष जड जातें; आणि चांगल्या प्रतीचे नवे कॅमेरे नेमकें तेंच देतात.

या उलगडण्यासाठीं इंटेलच्या प्रोसेसरांतील अंगभूत ग्राफिक्स विभागांत ‘क्विक सिंक’ नांवाची स्वतंत्र मंडल-रचना असते, व बाराव्या पिढीपासूनचे डेस्कटॉप प्रोसेसर असें ४:२:२ चित्रण तिच्या साह्यानें सहज उलगडतात. एएमडीच्या रायझन प्रोसेसरांतील अंगभूत विभागास तें साधत नाहीं. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत ही सोय २०२५ सालच्या ५० क्रमांकाच्या मालिकेबरोबर आली. आतां मेख अशी कीं, इंटेलच्या ज्या प्रोसेसराच्या नांवापुढें ‘एफ’ हें अक्षर असतें त्यांत हा अंगभूत विभाग बंद असतो. तो थोड्याफार कमी किंमतीस मिळतो, आणि खेळणारास त्यावांचून कांहींच अडत नाहीं. पण लग्नाचें चित्रण संकलित करणारानें तेवढ्या बचतीसाठीं ‘एफ’ घेतला, तर ज्या कारणास्तव इंटेल घ्यावयाचा तें कारणच दुकानांत सोडून आल्यासारखें होतें.

तेव्हां घरची चूल संकलनावर पेटत असेल तर ‘एफ’ नसलेला मध्यम किंमतीचा इंटेल, आणि यंत्र मुख्यतः खेळासाठीं असेल तर रायझन, हा सरळ कौल होय. ५० मालिकेचें ग्राफिक्स कार्ड घ्यावयाचेंच असेल तर रायझनवरहि दोन्ही कामें निभावतात.

इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढींतील, विशेषतः वरच्या प्रतीच्या, प्रोसेसरांत प्रमाणाबाहेर व्होल्टेज जाऊन ते अस्थिर होत असल्याचें २०२४ सालीं उघडकीस आलें. कंपनीनें त्या वर्षीं सुधारित आज्ञावली दिली व हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. मात्र आधींच झालेली झीज त्या आज्ञावलीनें भरून निघत नाहीं. म्हणून या पिढ्यांचा वापरलेला वरचा प्रोसेसर स्वस्तांत मिळाला तरी घेऊं नये, आणि नवा घेतल्यास मदरबोर्डाची बायॉस-आज्ञावली प्रथम अद्ययावत् करावी.

मदरबोर्डाकडे बहुतेकांचें लक्ष सर्वांत शेवटीं जातें. प्रथम पाहावयाचा तो सॉकेट, कारण एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या सॉकेटांत बसत नाहीं. एएमडीचा एएम५ सॉकेट २०२२ सालीं आला. २०२४ चे प्रोसेसरहि त्याच बोर्डांवर बसतात व २०२७ पर्यंत तरी हा आधार टिकविण्याचें कंपनीनें जाहीर केलें आहे. इंटेलचा एलजीए १७०० हा सॉकेट तीन पिढ्यांनंतर मागें पडला व २०२४ सालीं एलजीए १८५१ आला. जुन्या १७०० मध्यें बोर्डानुसार डीडीआर४ किंवा डीडीआर५ स्मृति चालते. एएम५ व १८५१ यांना डीडीआर५ च लागते. घरांत जुन्या स्मृतीच्या पट्ट्या पडून असतील तर हा भेद बराच खर्च वांचवितो.

दुसरी बाब विजेची. पॉवर सप्लाय बारा व्होल्ट देतो, पण प्रोसेसरास लागतात एक-सव्वा व्होल्ट. दोनशें वॅट खाणाऱ्या प्रोसेसरास सव्वा व्होल्टवर १६० अँपियर प्रवाह पुरवावा लागतो, आणि हें रूपांतर सॉकेटाभोंवतालचे लहानसे भाग करतात. स्वस्त बोर्डांत ते थोडे असतात व त्यांवर उष्णता पसरविणारा धातूचा ठोकळाहि नसतो. मराठवाड्यांत याचें महत्त्व पुण्या-मुंबईहून अधिक आहे. नांदेडास वैशाखांत पारा बेचाळिसांवर जातो. लातूर बालाघाटाच्या पठारावर असल्यामुळें किंचित् सुसह्य, इतकेंच. पंख्याची थंडाई खोलीच्या हवेवर चालते. २७ अंशांच्या खोलींत जो प्रोसेसर ७५ अंशांवर राहतो, तोच त्याच कामास ४२ अंशांच्या खोलींत नव्वदीस टेंकतो. ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ अंशांची आहे. ती गांठली कीं प्रोसेसर जळत नाहीं, आपणहून मंदावतो. माघांत एका तासांत होणारें काम वैशाखांत लांबतें व मालक व्हायरस शोधीत बसतो. म्हणून ज्याची मूळ वीजगरज ६५ वॅट आहे असा प्रोसेसर आणि ठोकळे असलेला ‘बी’ वर्गाचा बोर्ड, एएमडीचा बी६५० किंवा बी८५०, इंटेलचा बी७६० किंवा बी८६०, ही जोडी येथें शोभते. महागडा ‘झेड’ वर्ग इंटेलच्या ‘के’ प्रोसेसराचा वेग हातानें वाढविणारांसाठीं आहे. बेचाळीस अंशांत तो हौसेचा विषय नव्हे.

स्मृतीची एकच मोठी पट्टी न घेतां सारख्या दोन घ्याव्या, म्हणजे दोन वाटांनीं माहिती वाहते. यूपीएस ६०० व्हीएचा असल्यास तो सामान्यतः ३६० वॅटच पेलतो. ग्राफिक्स कार्ड असलेलें यंत्र भर कामांत त्याहून अधिक मागूं शकतें.

खरेदीस नांदेडचे लोक अजूनहि हैदराबादेकडे वळतात. १९५६ पर्यंत हा मुलूख त्याच राज्यांत होता, आणि पेठेची वाट राज्याबरोबर बदलत नाहीं. सिकंदराबादेच्या चिनॉय ट्रेड सेंटरांत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर भाव उतरतोहि. पण बोर्ड बिघडल्यास फेरी दोनदां पडते, हें त्या भावांत मिळवावें. जीएसटीचें बिल घ्यावें व त्यावर अनुक्रमांक लिहवून घ्यावा. आणि एक गोष्ट पेटी उघडतांच, दुकानदारासमक्ष करावी: एएम५ व इंटेल, दोहोंच्याहि सॉकेटांतील केसासारख्या सुया बोर्डावरच असतात. झांकण उचलून उजेडांत तिरकें पाहावें. एखादी सुई वांकलेली दिसली तर तो बोर्ड तेथेंच परत करावा. घरीं आणल्यावर ती कोणी वांकविली याचा पुरावा देतां येत नाहीं.