करकपातीचं बिल धडगावला

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचं रेल्वे स्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. गावातली मोटरसायकलवाली मंडळी टाकी भरायला सहज हद्द ओलांडतात, कारण पलीकडे पेट्रोल लिटरमागे नऊ-दहा रुपयांनी स्वस्त. आपल्याकडे २५ टक्के व्हॅट आणि वर ५ रुपये १२ पैसे, तिकडे १३.७ टक्के व्हॅट आणि ४ टक्के उपकर. अशा ठिकाणी कर उतरवला तर गेलेलं गिऱ्हाईक परत येईल आणि बुडालेल्या उत्पन्नातलं थोडं भरूनही निघेल.

पण पुण्याचा माणूस पेट्रोलसाठी गुजरातेत जात नाही. तिथे कर घटला की तेवढा पैसा गेलाच. जुलै २०२२ मध्ये राज्याने पेट्रोल ५ आणि डिझेल ३ रुपयांनी स्वस्त केलं, तेव्हा तिजोरीवर ६ हजार कोटींचा भार पडेल हे सरकारनेच सांगितलं होतं.

२८ जून २०२४ ला तत्कालीन अर्थमंत्री अजित पवारांनी एकाच भाषणात लाडकी बहीण योजनेला वर्षाला ४६ हजार कोटी दिले आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई परिसरात इंधनावरचा कर घटवला. नंदुरबारला त्या कपातीतलं काहीच आलं नाही. पुढच्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींवर आणि कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाण्याचा अंदाज मांडला गेला.

खर्च वाढत असताना कर कमी केला तरी खर्चाचं बिल कुणाला तरी भरावंच लागतं. काही भाग कर्ज होऊन पुढच्या पिढीच्या डोक्यावर बसतो. काही भाग ज्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत पोचत नाही त्यांच्या वाट्यातून निघतो. मे २०२५ मध्ये लाडकी बहीणच्या हप्त्यासाठी आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख वळवले गेले. आदिवासी बहिणींनाच ते मिळणार, हे त्यावरचं सरकारचं उत्तर मला पटत नाही. सुकथनकर समितीच्या शिफारशीवरून लोकसंख्येच्या प्रमाणात हा निधी वेगळा ठेवला गेला, तो आदिवासी भागाची मागे राहिलेली कामं व्हावीत म्हणून. जी योजना सगळ्या राज्याला आहे ती त्यातून भागवली, तर आदिवासींना जादा काय मिळालं?

नंदुरबारमध्ये दहातले सात जण आदिवासी. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांवरून बाळंतिणीला अजूनही बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. लाडकी बहीणचे महिन्याचे दीड हजार त्या घराला मोलाचेच आहेत, पण त्यातून कुणी घाटरस्ता बांधू शकत नाही.

केंद्राने २०२५ मध्ये १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं आणि सुमारे १ लाख कोटींवर पाणी सोडलं. अक्कलकुवा तालुक्यातल्या मोलगीच्या बाजारात त्याचा लाभार्थी शोधावा लागेल. मात्र केंद्रीय करांच्या विभाज्य रकमेतला ४१ टक्के वाटा राज्यांचा असतो. तो आटला की मोलगीच्या वाट्याचा पैसाही आटतो.

करकपातीला माझा विरोध नाही. ती जाहीर करताना कोणता खर्च थांबणार, तेही त्याच भाषणात सांगितलं पाहिजे. आणि मुंबई-ठाण्याला वर्षानुवर्षं इंधनकराचा वेगळा दर लावता आला, तर नवापूरसारख्या सीमेवरच्या तालुक्यांसाठीही वेगळा, कमी दर एक वर्ष लावून पाहता येईल. विक्री किती वाढली ते महिन्याच्या कर भरण्यातच कळेल.