भिंतींतलें आणि भिंतीबाहेरचें दुखणें

जुन्नर-आंबेगांवच्या शिवारांत टोमॅटो तोडणारी बाई दर महिन्यास ओटीपोट धरून बांधावर बसते, तेव्हां ‘बायकांचें हें चालायचेंच’ असें वडीलधारीं माणसें सांगतात. तें खरें नव्हे. गर्भाशयाच्या अस्तरासारखें पेशीजाल बीजकोशावर किंवा उदराच्या पडद्यावर रुजलें, तर त्यास एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. तेंच गर्भाशयाच्या स्नायुमय भिंतींत शिरलें, तर अ‍ॅडिनोमायोसिस. दुसऱ्या विकारांत बहुधा अंगावरून फार जातें आणि पांडुरोग जडतो. दोन्ही एकाच स्त्रीस असूं शकतात. सॅम्पसन यांच्या १९२७ च्या उपपत्तीप्रमाणें मासिक रक्त नलिकांतून उलट उदरांत उतरतें. पण तसें पुष्कळ स्त्रियांत घडतें, रोग मात्र थोड्यांनाच! सोनोग्राफींत भिंतींतला विकार बहुधा दिसतो, बाहेरचे बारीक ठिपके निसटतात. म्हणून नुसतें गर्भाशय काढलें आणि ठिपके मागें राहिले, तर कळाही राहूं शकतात.