संगणकीय दप्तर तबकडीवर कसे जतन करावे?

पेरणीसाठी राखलेले बियाणे शेतकरी खाण्याच्या धान्यात मिसळून ठेवीत नाही. सहकारी संस्था व शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्या संगणकीय दप्तरासही हाच नियम लागू पडतो. सभासदांच्या याद्या, माती परीक्षणाचे अहवाल, बीजोत्पादनाच्या नोंदी हे सर्व पुष्कळदा एकाच सर्व्हरवर असते. तो बिघडला, किंवा एखाद्या घातक प्रोग्रामने त्यातील फायली कुलूपबंद केल्या, तर अनेक वर्षांचे श्रम वाया जातात. एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीवरील मजकूर मागाहून बदलता येत नाही, हा तिचा मोठा गुण होय.

सर्व्हरला विंडोज, लिनक्स व मॅक असे निरनिराळे संगणक जोडलेले असल्यास पहिली अडचण फायलींच्या नावांची येते. लिनक्समध्ये इंग्रजी लहान व मोठ्या अक्षरांतील एकच नाव दोन फायलींना देता येते; विंडोज ती दोन्ही नावे एकच समजते. कोलन किंवा प्रश्नचिन्ह असलेले नाव विंडोजला चालत नाही. म्हणून अशी नावे प्रथम सुधारून घ्यावीत.

दुसरी अडचण तबकडीच्या मांडणीची. १९८८ सालच्या आयएसओ ९६६० या प्रमाणात, त्याच्या मूळ स्वरूपात, केवळ आखूड इंग्रजी नावे बसतात. त्यास विंडोजसाठी ‘जोलिएट’ व लिनक्ससाठी ‘रॉक रिज’ अशा दोन्ही पुरवण्या जोडाव्यात. जोलिएटमध्ये नावास ६४ चिन्हांची मर्यादा आहे, आणि देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. यास्तव नावे आटोपशीर ठेवावीत. चार जीबीहून मोठ्या फायली असल्यास यूडीएफ ही मांडणी निवडावी.

साध्या डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी व ब्लू-रे तबकडीची २५ जीबी सांगितली जाते. संगणकाच्या मोजणीने डीव्हीडीवर प्रत्यक्षात सुमारे ४.३८ जीबीच मावतात. लेखन मध्यापासून कडेकडे होत जाते आणि हाताळताना कडेलाच अधिक इजा पोहोचते. म्हणून चार जीबीवर थांबणे इष्ट. सर्व फायली आवळून एकाच गठ्ठ्यात बांधू नयेत, कारण एका ओरखड्याने सारा गठ्ठा निकामी होऊ शकतो.

लेखनाचे काम कचेरी बंद झाल्यावर करावे. उघड्या हिशेबाची नक्कल अर्धवट उतरण्याचा संभव असतो. प्रत्येक फाइलची पडताळणी-संख्या काढून तिची यादी तबकडीवरच ठेवावी. लिहिता येणाऱ्या डीव्हीडीतील रंगद्रव्य ऊन व उष्णता यांनी खराब होते. म्हणून तबकड्या अंधाऱ्या, कोरड्या व थंड जागी, डब्यात उभ्या ठेवाव्यात. वर कागदी चिठ्ठी चिकटवू नये. मऊ टोकाच्या, पाण्याच्या शाईच्या पेनने तारीख लिहावी.

नेहमी दोन प्रती कराव्यात व एक दुसऱ्या गावी ठेवावी. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात महापूर आला होता. अशा प्रसंगी सर्व्हर व शेजारच्या कपाटातील तबकड्या एकदमच पाण्याखाली जाऊ शकतात.

अनेक नव्या संगणकांत तबकडी वाचण्याची सोय नसते. तेव्हा बाहेरून जोडण्याचे यंत्रही जपून ठेवावे. पेरणीपूर्वी आपण उगवणशक्ती तपासतो, तद्वत दरवर्षी काही फायली दुसऱ्या संगणकावर उतरवून, उघडून पाहाव्यात. दोष आढळल्यास दुसऱ्या प्रतीवरून त्वरित नवी तबकडी तयार करावी.