आऊटबोर्ड मोटारीची निगा

भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून नौका नेणारा नावाडी वल्ह्यांवरच विसंबतो. परंतु याच नर्मदेवर, जबलपूरच्या वरच्या अंगास १९९० साली भरलेला बरगीचा जलाशय थेट मंडला व सिवनी जिल्ह्यांपर्यंत पसरला आहे. तेथे वल्ह्यांचे बळ अपुरे पडते. काही वर्षांपूर्वी तारण-तपासणीसाठी तेथे गेलो असता आमच्या एका कर्जदाराची आऊटबोर्ड मोटार भर पाण्यात बंद पडली. वाऱ्यावर हेलकावत आम्ही बराच वेळ काठावरील मदतीची वाट पाहिली. कर्जाचे हप्ते नियमित होते; मोटारीची निगा मात्र मुळीच नव्हती.

दोष होता रबराच्या एका लहानशा चक्राचा. इम्पेलर नावाचे हे चक्र मोटारीच्या खालच्या भागात बसवलेले असते आणि ते बाहेरचे पाणी खेचून इंजिन थंड ठेवते. गाळ व वाळू यांमुळे त्याची पाती झिजतात. मोटार चालू असताना मागील बाजूस पाण्याची एक बारीक धार सतत पडत असते. ती क्षीण झाली अथवा थांबली, तर इंजिन तत्काळ बंद करावे. ‘चालते का ते पाहू’ म्हणून पाण्याबाहेर मोटार सुरू करण्याची सवय अनेकांना असते, ती फार महागात पडते. कोरडे फिरणारे रबर काही क्षणांतच खराब होते.

गिअरचे तेल साधारणतः दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलावे. काढलेले तेल दुधासारखे दिसले, तर सील फाटून आत पाणी शिरले आहे असे समजावे. पुष्कळदा याचे कारण पंख्यामागे गुंडाळलेला मासेमारीचा तंगूस असतो, म्हणून पंखा अधूनमधून उतरवून पाहणे श्रेयस्कर. नवे तेल खालच्या छिद्रातून, वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरावे. वरून ओतल्यास आत हवा अडकते.

इंधनाबाबत आता अधिक सावध राहणे भाग आहे. पेट्रोलमधील इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे महिनोन् महिने साठवलेले पेट्रोल वापरू नये. पावसाळ्यात नौका काठावर ओढण्यापूर्वी टाकी रिकामी करावी, कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपवावे आणि मोटार उभी ठेवावी. टू-स्ट्रोक मोटारीत तेलाचे प्रमाण उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच असावे. ५०:१ असेल, तर १ लिटरला २० मिलिलिटर. ‘थोडे जास्त बरे’ म्हणणाऱ्यांचे स्पार्क प्लग मात्र काजळतात.

कोकणातील मच्छीमार प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने मोटार धुतात, कारण तेथे शत्रू मीठ आहे. येथे पाणी गोडे असले, तरी गाळ धुऊन काढावाच लागतो. गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे तुकडे खाऱ्या पाण्यासाठी असतात. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे लागतात. मुंबईहून जुनी मोटार आणणाऱ्यांनी हे आवर्जून तपासावे.

विमा आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्या ग्राहकांनी पॉलिसीतील अपवाद वाचावेत. झीज व देखभालीअभावी झालेले नुकसान सहसा त्यात समाविष्ट नसते. आमच्या त्या कर्जदारास नव्या इम्पेलरचा खर्च स्वतःच करावा लागला. पुढील तपासणीच्या वेळी तेल बदलल्याच्या तारखांची वही त्याने स्वतःहून पुढे केली, आणि मोटारीमागची धारही दाखवली.